शब्दकोशाचं कव्हर

एकतीस वर्षांपूर्वी आलेलं ते पत्र त्याला तोंडपाठ होतं. मोठं नव्हतंच. "टिंब्या, शब्दकोश वापरतोस ना? कव्हर मुद्दाम जाड घातलंय, फाटेल तेव्हाच बदल. तोवर मजेत राहा. दोन ओळी लिही. खिळ्या."

छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा म्हणून तो खिळ्या, आणि एका टिंबासाठी मशीन थांबवणारा मुद्रितशोधक म्हणून हा टिंब्या.

त्या दोन ओळी त्याने कधी पाठवल्या नाहीत. लिहिल्या पुष्कळदा. पण पत्र परत वाचायला घेतलं की हात आपोआप लाल पेनाकडे जाई. दुरुस्त करता करता कागदाची चाळण होई आणि तो खणात जाऊन पडे.

"काका, ओळखलंत?" दारातल्या बाईने विचारलं. चाळिशीची असेल. हनुवटी थेट खिळ्याची.

"खिळ्याची लेक! ये, ये. पुस्तकं सरकव आणि बस. खाली खुर्ची आहे कुठेतरी."

ती हसली. "बाबा आता माझ्याकडेच असतात. डोळे गेलेत. पोस्टमन आला की रोज विचारतात, टिंब्याचं काही आलं का? शेवटी तुमचा पत्ता शोधत आले."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला माणसात त्यानेच आणलं गं. पाठ्यपुस्तकांच्या कचेरीतली नोकरी त्यानेच शोधली. मुलाखतीच्या दिवशी मी आपला नको नको म्हणतोय. मला काय जमणार? तर पठ्ठ्याने हातातलं शेवटचं प्रूफ उभ्याउभ्या संपवायला लावलं आणि बखोट धरून गाडीत बसवलं. पुढे शब्दकोश पाठवला, मग पत्र. नंतर काही गाठ नाही. कुठे होता तो?"

"आत."

"कुठे आत?"

"तुरुंगात, काका. दीड वर्ष. तुम्हाला ठाऊकच नाही?"

त्याला ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं. औषधाच्या माहितीपत्रकात पाच थेंबांऐवजी पंधरा थेंब छापले गेले. एका तान्ह्या मुलीचे कान कायमचे गेले. बाबांनी कोर्टात कबूल केलं, की घाई होती, प्रूफ कुणालाही न दाखवता छापलं.

"खिळ्याने? अगं, तो साधं व्हिजिटिंग कार्डसुद्धा प्रूफ पास झाल्याशिवाय मशीनवर चढवत नसे!"

"चढवलं ना एकदा. आई शेवटपर्यंत त्यांच्याशी धड बोलली नाही. मीही करते त्यांचं सगळं, पण माफ केलंय असं नाही म्हणवत." ती उठली. "डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. हा माझा पत्ता. तेवढं पत्र लिहा. वाचून मीच दाखवणार आहे, तेव्हा अक्षर जरा बरं काढा."

ती गेल्यावर तो लगेच लिहायला बसला. चार पानं झाली. नोकरी, घर, ही पुस्तकं, सगळं तुझ्यामुळे, असं त्याने लिहिलं. शेवटी, भीत भीत, "तुझ्या हातून चूक झाली म्हणून माझ्या लेखी तू तसूभरही कमी होत नाहीस" असंही लिहिलं. मग 'मी तुझा ऋणाईत' या शब्दांवर अडला. ऋणाईत बरोबर आहे ना? नेहमीची शंका.

शब्दकोश वरच्या फळीवर घट्ट बसला होता. ओढताना कव्हर टरकन फाटलं. जाड तपकिरी कागदाच्या आत घडी घातलेला आणखी एक कागद होता.

त्याने तो उलगडला. चष्मा पुसला. सवयीने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला.

बऱ्याच वेळाने त्याने चारही पानं फाडली. त्या जुन्या कागदावर दोन ओळी लिहिल्या, परत वाचल्या नाहीत. पाकिटावर खिळ्याचं नव्हे, लेकीचं नाव घातलं. चपला उलट्यासुलट्या अडकवून तो कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेला. पाकीट आत पडल्याचा आवाज येईपर्यंत त्याने हात काढला नाही.

पाकिटात तेवढा एकच कागद होता, औषधाच्या माहितीपत्रकाचं प्रूफ. 'पंधरा थेंब' या शब्दांवर एकही खूण नव्हती. तळाशी लाल शाईत 'छापायला हरकत नाही' असा शेरा होता, आणि त्याखाली टिंब्याची सही होती. एक तेव्हाची आणि शेजारी एक आजची.