भिंतीपलीकडचा आवाज

आठवणी निसटत चाललेल्या माणसांना सांभाळणाऱ्यांची ती बैठक. एका खोलीत सांभाळणारे मन मोकळं करायचे. शेजारच्या खोलीत त्यांची माणसं लोकर गुंडाळत बसायची.

त्यांत आईला सांभाळणारी एक लेक होती. तिचा नंबर आला की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. आजही तसंच झालं.

"अगं, एकटीच किती कुढशील?" बैठक चालवणाऱ्या ताई म्हणाल्या. "बोललीस तर चार हात पुढे येतील."

"आईला बघून येते," म्हणत ती उठली.

शेजारच्या खोलीत आई लोकरीच्या गुंड्यावरून हात फिरवत बसली होती. वर्ष झालं, ती लेकीला ओळखत नव्हती. लेकीनं तिची शाल सारखी केली, तोच भिंतीपलीकडून आवाज आला.

"थकले हो मी. परवा आईवर ओरडले, अन् मग तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले. कुणीतरी हात द्या मला."

आवाज तिचाच होता. शब्दही तिचेच, आजवर ओठांवर न आलेले.

"बोल बाळा," पलीकडे ताई म्हणाल्या.

ती धडपडत दाराकडे वळली. आईनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"शू! आत जाऊ नका बाई." आईचे डोळे भरून आले होते. "माझी लेक बोलतेय. कधी नव्हे ती बोलतेय. बोलू द्या तिला."