लाल धाग्याची माशी

"बावीस इंच. पुलाखालच्या डोहात," लॉयडने बारमध्ये सगळ्यांना ऐकवलं. "मुका घेतला आणि दिला सोडून."

धरलेला ट्राउट मासा परत पाण्यात सोडायचा, हा मॅडिसन नदीकाठचा रिवाज, त्यामुळे पुरावा कोणी मागत नाही. लॉयडसमोर फुकटच्या बिअरची रांग लागली. त्याच डोहावर तीस वर्षं घासलेल्या ऑर्विलने मात्र आपला ग्लास तसाच बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅडिसचे किडे पाण्यावर नाचायला लागले, तसा ऑर्विल कमरेएवढ्या पाण्यात उतरला. हरणाच्या केसांची, हुबेहूब त्या किड्यांसारखी, माशाला फसवायची नकली माशी त्याने स्वतः बांधली होती. ती गळाला लावून त्याने अलगद तरंगत सोडली, आणि डोहातल्या त्या धेंडाने ती उचलली. जाळीत घेऊन बघतो तर जबड्यात आधीचीच एक माशी रुतलेली, लॉयड बांधतो तशी लाल धाग्याची, मागे वीतभर तुटकी दोरी. म्हणजे मासा लॉयडच्या हाती लागलाच नव्हता, दोरी तोडून पळाला होता.

ऑर्विलने ती लाल माशी काढून घेतली, मासा सोडला आणि ओल्या बुटांनी थेट बार गाठला. माशी लॉयडच्या ग्लासाशेजारी ठेवली. "तुझी आहे. त्याच्या तोंडातून काढली."

"काठच्या झुडपात अडकलेली काढली असशील," मालकीण ट्रुडी म्हणाली. "जळकुकडा कुठला."

अख्खा बार खदाखदा हसला.



हसला नाही तो एकटा लॉयड.