मागून येणारी

लडाखला बुलेटवर जायला नांदेडच्या तूबाला सोबतीण हवी होती. दोघी-तिघींशी जमलं नाही, कारण प्रत्येकीला पुढंच राहायचं असायचं. मुरुडच्या शाळेतल्या शिक्षिका राजकन्याताई मात्र निलंग्यापर्यंतच्या सरावाच्या फेरीत एकदाही पुढं गेल्या नाहीत. तूबा हळू झाली की त्याही हळू व्हायच्या. आरशात त्यांच्या गाडीचा दिवा सतत दिसत होता, आणि तूबाला त्याचा लई आधार वाटला.

निलंग्यात चहाला थांबल्यावर ती म्हणाली, "ताई, जमलं आपलं. पण तुम्हाला कधी पुढं जावं वाटत न्हाई?"

राजकन्याताईंनी कप तसाच बाजूला सारला.

"मागच्या वर्षी लडाखच्याच घाटात मी पुढं होते. धाकटी बहीण मागं होती. मी चहाला थांबले, पण ती आलीच न्हाई."



"अजून शोधतेय मी तिला," ताई म्हणाल्या.