कुंकू लावलेली कांडी

कांडी तुटली, पण यंत्रावरचा आकडा पाहून विहंगच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सहा वर्षांत इतका ताण एकाही कांडीने सोसला नव्हता. ॲल्युमिनियमच्या भुकटीत केसाहून कितीतरी बारीक अशा कार्बनच्या नळ्या मिसळायच्या, दाबून, भाजून कांडी करायची आणि ती तुटेपर्यंत ओढायची, हेच त्याचं संशोधन. नळ्यांनी धातू बळकट व्हायला हवा. पण मेल्या एका जागी गोळा व्हायच्या आणि कांडी नेमकी तिथेच तुटायची. आताही जमलं नसतं, तर पीएचडी गुंडाळून उमरेडला परत जायचं, एवढंच उरलं होतं.

त्याचे मार्गदर्शक रुपराव सर धावतच आले. दिवाळीनंतर ते निवृत्त होणार होते. कधी नव्हे ते त्यांनी विभागभर संत्रा बर्फी वाटली, आणि रिकाम्या हाताने जात नाही, असं ज्याला त्याला सांगत सुटले.

विहंगने तुटलेलं टोक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. नळ्या दिसेनात. जागा बदलून पाहिलं. एकसुद्धा नाही.

खंडेनवमीला प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा झाली, तेव्हा सरांनी हौसेने दोन कांड्यांनाही ओलं कुंकू लावलं होतं. एक नळ्यांची, दुसरी नुसत्या भुकटीची, साचा तपासायला केलेली. कुंकू पुसताना कोणती कांडी कुठली हे सांगणारी पेनाची खूणही गेली, आणि विहंगने ती अंदाजाने पुन्हा केली. साधी कांडी तो कधी ओढतच नसे. तिचा आकडा पुस्तकातून घ्यायचा, हा सरांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम.

त्या दोघींतली उरलेली कांडी त्याने यंत्रात चढवली. ती आधीच्या सगळ्यांसारखीच लवकर तुटली. म्हणजे इतकी वर्षं तो चांगला धातू नासवत होता. त्याला तिथेच बसून रडावंसं वाटलं.

सरांच्या खोलीत जाऊन त्याने सगळं सांगून टाकलं. "सर, ती साधी कांडी होती. नळ्या टाकून आपणच धातू कमजोर करून राहिलो."

सर दचकले नाहीत. हातातली बर्फी त्यांनी हळूच डब्यात परत ठेवली.

"म्हणून तं साधी कांडी तुले कधी ओढू देली नाही गा," ते म्हणाले.