सहीचे पैसे

"मी ठरवलंय. सहीचे पैसे संघाला परत करायचे," भिंत म्हणाला आणि वादाला सरसावून बसला. फुटबॉलच्या मैदानात त्याला ओलांडून चेंडू जात नसे, म्हणून सगळे त्याला भिंतच म्हणायचे.

समोर त्याचा थोरला भाऊ होता. दादाच्या हातून दमडी सुटायची म्हणजे दात उपटण्यासारखंच. म्हणून भिंतने सकाळपासून उत्तरं जुळवून ठेवली होती. करार पाच वर्षांचा होता. सही करतानाच संघाने घसघशीत रक्कम हातावर ठेवली, ती त्या पाच वर्षांच्या भरवशावर. आणि हा पठ्ठ्या दुसऱ्याच वर्षी बूट काढून मोकळा झाला. मधेच सोडलं तर पैसे परत करा, असं करारात कुठे नव्हतं, हे खरं. पण कागदावर नाही म्हणून मनावरही नाही, असं थोडंच असतं?

दादाने कप खाली ठेवला. भिंतच्या बायकोकडे एकदा पाहिलं.

"दे बाबा," तो म्हणाला. "तुझं मन सांगतंय ना, मग दे."

त्याने भिंतच्या पाठीवर हात ठेवला. तो हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

भिंत बघतच राहिला. एवढी उत्तरं जुळवली, ती सगळी वाया गेली. पण एक भांडण टळलं, तेही काही कमी नव्हतं.

बायकोने चेकबुक आणून दिलं. कोरं होतं, अजून एकही पान फाडलेलं नव्हतं. रक्कम लिहिताना त्याचा हात कुठे अडखळला नाही.

"तुला चालेल ना गं? आपल्याला हात आखडावा लागेल थोडा."

"तुम्हाला त्याने शांत वाटतं ना, मग झालं," ती बाटलीत पाणी भरत म्हणाली.

गाडी तिनेच चालवायला घेतली. त्याच्या डाव्या गुडघ्याला क्लच सोसायचा नाही. त्या गुडघ्यापायीच खेळ सुटला होता. निवृत्ती जाहीर करून दोनेक महिने झाले असतील, पण अजूनही सकाळी जाग आली की त्याचे पाय आधी बूट शोधायचे.

"सही केली त्या दिवशी मी काय बोललो होतो, आठवतं?" त्याने वाटेत विचारलं.

"पाच वर्षं आपल्या गोलसमोर चिटपाखरू फिरकू देणार नाही."

"हो. लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलं मला. आणि मला पैसे देता यावेत म्हणून सचिवकाकांनी गॅलरीच्या छताचं काम पुढे ढकललं. म्हातारी माणसं छत्र्या उघडून मॅच बघायची, आणि मी नव्या गाडीतून उतरायचो. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं."

तिने गिअर बदलला.

मैदानाच्या फाटकाशी पहारेकरी उठून उभा राहिला. काही न विचारता त्याने फाटक उघडलं, वर सलामही ठोकला. भिंतला बरं वाटलं. लोक अजून आपल्याला विसरलेले नाहीत.

आत शिरताच तो थबकला. गॅलरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्र्याचं छत होतं.

"हे कधी झालं?"

"झालं मागेच."

"पैसे कुठून आणले काकांनी?"

"दिले असतील कुणीतरी."

भिंत जरा खट्टू झाला. आपल्याआधी दुसऱ्याच कुणाला तरी शहाणपण सुचलं होतं.

संघाचे सचिव म्हणजे सगळ्यांचे काका. त्यांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला फाटक्या जाळ्या आणि दुसऱ्या बाजूला हवा गेलेले चेंडू पडलेले असायचे. मधल्या जागेत बसून ते संघ चालवायचे.

"या भिंतराव, बसा. सूनबाई, तूही बस."

भिंतने चेक त्यांच्यापुढे सरकवला. "काका, नाही म्हणायचं नाही."

"नाही म्हणत."

"अहो, थोडे आढेवेढे तरी घ्या!" तो हसला. "दादासुद्धा भांडला नाही आज."

काका हसले नाहीत. चेकलाही त्यांनी हात लावला नाही.

"दोन वर्षं तू जीव तोडून खेळलास. फुकटचं काही घेतलं नाहीस."

"पण शब्द पाचाचा दिला होता."

"शब्दाचं म्हणतोस तर ऐक. उपांत्य सामना आठवतो?"

"जिंकलो, एवढं आठवतं."

"त्यांच्या पोराचं डोकं तुझ्या कपाळावर आदळलं. तू उठलास आणि मला विचारलंस, आज कुणाशी मॅच आहे? डॉक्टर म्हणाले, याला बाहेर काढा. मी म्हणालो, पट्टी बांधा आणि पाठवा. फायनललाही, आणि त्या महिन्यातल्या आणखी तीन मॅचनाही मीच पाठवलं तुला." काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फेडायचंच असेल, तर ते मी फेडायला हवं. कसं फेडू, ते मात्र सुचत नाही."

"काका, फुटबॉलमध्ये डोकी आपटायचीच. मला घरी बसवलं ते गुडघ्याने. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

काकांनी त्याच्या बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. नको.

"नाही सूनबाई. मला नाही रेटवत आता."

त्यांनी चेक उचलून भिंतच्या हातात परत ठेवला, आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"भिंतराव, हे पैसे तू तीन वर्षांपूर्वीच परत केलेस. आणि तेव्हापासून दर मंगळवारी येऊन परत करतोस."