डाव्या कुशीवर झोपणारा माणूस

"हे तुला कुणी सांगितलं?" बुरुलने वही खाली ठेवत विचारलं.

"आमच्या आपांनी, बाबांच्या आईनं," सैकाल म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना बुरुल एजे, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा म्हणून?"

म्हणाली होती खरी. चौथीच्या पोरांना इतिहासातल्या माणसांची चरित्रं लिहायला शिकवताना बुरुलने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जन्ममृत्यूची सालं पुस्तकात मिळतात. मला माणूस हवा. तो चहा कसा प्यायचा, कशाला घाबरायचा, ते शोधून आणा."

"मग मी चंगीज खान घेतो!" मागून एकजण ओरडला होता.

"त्याच्या चहाचं तुला कोण सांगणार, तुझी आजी?" बुरुल म्हणाली, तसा सगळा वर्ग खिदळला.

सैकालने बालतबेक घेतला. गावात कालव्याचं पाणी आणणारा, अडतीस साली सरकारच्या गुप्त पोलिसांनी पकडून नेलेला, परत न आलेला बालतबेक. पुढे पन्नास वर्षं गावात त्याचं नाव काढायची चोरी होती. गेल्या वर्षी कालव्याला ते नाव दिलं, तेव्हा बुरुलची आई धाय मोकलून रडली. बालतबेक तिचा बाप. त्याचा चेहराही तिला आठवत नव्हता.

आणि इथे परक्या घरातली पोर लिहीत होती, 'बालतबेक चहात आधी मीठ घालायचा, मग दूध. चिडला की आवाज चढवायचा नाही, उलट कुजबुजायचा. तो डाव्या कुशीवर झोपायचा.'

डाव्या कुशीवर! ते वाक्य बुरुलची पाठ सोडेना.

"तुझ्या आपा त्यांच्याकडे कामाला होत्या का गं?"

"हो, गाईंचं दूध काढायला. लग्नाआधी."

दूध काढणाऱ्या पोरीला मालक कुठल्या कुशीवर झोपतो हे कशाला ठाऊक असेल?

पुढच्या आठवड्यात आणखी एक पान आलं. 'शेवटच्या उन्हाळ्यात घाटापलीकडून दोन पाहुणे यायचे. ते गेले की तो खिडकी लावून घ्यायचा. बायको झोपली की स्वतःशीच बोलायचा. म्हणायचा, हे दिवस फार टिकायचे नाहीत.'

बायको झोपलेली, खिडकी बंद. मग ऐकत कोण होतं?

त्या दिवशी ट्रॅक्टर घेऊन चाललेला सैकालचा बाप रस्त्यात भेटला. बुरुल त्याच्या कपाळाकडे पाहत राहिली. रुंद, पुढे आलेलं. थेट आपल्या आईसारखं.

घरी आल्यावर तिने आईला छेडलं. "सैकालच्या जिपार आपांकडे आपण कधीच का गेलो नाही?"

"माझी आई त्या घरावरून जाताना तोंड फिरवायची," आई म्हणाली. "का, ते शेवटपर्यंत बोलली नाही. तू नको उकरू."

बुरुल दुसऱ्याच दिवशी जाऊन धडकली.

"ये गं, बस," जिपार आपांनी रोटी आणि साय पुढे सरकवली. सत्तरी गाठलेली बाई, पण नजर धारदार. "पोरीनं नीट लिहिलंय ना?"

"छान लिहिलंय." सैकाल वासराकडे पळाल्यावर बुरुलने आवाज खाली आणला. "पण आपा, बायको झोपल्यावर तो काय बोलायचा, ते तुम्हाला कसं कळलं?"

"भिंतीपलीकडे झोपायचे मी."

"पलीकडे, की अलीकडे?"

म्हातारीने चहाचा पेला खाली ठेवला. "सरळ विचार की."

"सैकालचा बाप माझा मामा लागतो का?"

जिपार आपा अशा हसल्या की डोक्यावरचा रुमाल मागे घसरला.

"अगं वेडे! त्या माणसानं माझ्याकडे कधी मान वर करून पाहिलं नाही. लेक म्हणायचा मला."

बुरुलला मोकळा श्वास घेता आला. लाजही वाटली. सायीत रोटीचा तुकडा बुडवत ती हसून म्हणाली, "मग पन्नास वर्षांनंतर एवढं सगळं तोंडपाठ कसं हो तुम्हाला?"

"पाठच करून घेतलं होतं की," जिपार आपा रुमाल सारखा करत म्हणाल्या. "दर शुक्रवारी तालुक्याच्या पोलीस कचेरीत जाऊन सांगावं लागायचं. एक शब्द गाळला, तरी साहेब पहिल्यापासून म्हणायला लावायचा."