फणसाआडचं आभाळ

"तुझ्या फोटूसाठी मी माझा धरता फणस तोडू? चांदण्या हव्यात तर जा की डोंगरावर!" शेजारच्या खातूकाकांनी कुंपणापलीकडून हात झटकला, आणि शरयूचं डोकंच फिरलं.

आठवडाभर ती भर दुपारी होकायंत्र घेऊन परसात फिरत होती. पूर्वेला टाकी, दक्षिणेला स्वतःच्याच घराची कौलं. अवसेच्या संध्याकाळी मृग नक्षत्र पश्चिमेला उतरणार, ते नेमकं काकांच्या फणसात!

दुसऱ्याच दिवशी तिने वीज मंडळाकडे तक्रार ठोकली, फांद्या विजेच्या तारांना घासतात म्हणून. घासत मुळीच नव्हत्या. अवसेला सकाळी माणसं करवती घेऊन आली आणि दुपारपर्यंत बुंधा तेवढा उरला. काकू फणसाच्या कोवळ्या कुयऱ्या ओच्यात गोळा करत रडत होत्या. शरयूने खिडकी लावून घेतली.

दिवेलागणीला तिने परसात तिपाई रोवली आणि कॅमेरा पश्चिमेला वळवला. आभाळ कसं मोकळं, ऐसपैस! पहिली चांदणी लुकलुकते न लुकलुकते तोच काकांच्या घरापलीकडच्या मंगल कार्यालयाचे हॅलोजन भक्कन लागले. लग्नसराईत ते रोजच लागायचे, पण त्यांचा उजेड तिच्या परसात आजवर कधी उतरला नव्हता. आता दोरीवरच्या परकराची शिवणसुद्धा दिसत होती. आभाळ तेवढं दिसत नव्हतं.

काका पायरीवरच बसले होते. त्यांनी तिच्याकडे बघत घरात हाक मारली, "अगो, चष्मा नि पेपर आण बाहेर! शरयूच्या कृपेने आता रोज अंगणातच वाचू."